दुखण्यासाठी 'डोक्याला करंट' ही भानगड आली कुठून

नेरूळच्या मावशीला तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला पॅरालिसिसचा झटका आला, हात बऱ्यापैकी परत आला पण येताना भलतंच दुखणं घेऊन आला, नुसती चादर घासली तरी मिरची लावल्यासारखी आग, आणि हाताकडे बघितलं तर ना सूज ना लाली. पेनकिलरचा फरक शून्य. शेवटी डॉक्टर म्हणाले मेंदूला बाहेरून मॅग्नेटने चालना देऊन बघू, आरटीएमएस. काकांचा पहिला प्रश्न, "म्हणजे शॉक ना? ठाण्याला देतात तो?"

मी ठाण्याचाच, १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे त्यामुळे हे टोमणे लहानपणापासून पाठ आहेत. पण तो शॉक वेगळा, तो १९३८ साली रोममध्ये सुरू झाला आणि त्यात मुद्दाम फिट आणतात (आता भूल देऊन). दुखण्यावरच्या करंटचं घराणंच निराळं आणि खूप जुनं. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य लिहून गेलाय की डोकं दुखत असेल तर करंट मारणारा टॉर्पेडो मासा जिवंतच दुखऱ्या जागी ठेवा, आणि गाऊट असेल तर ओल्या किनाऱ्यावर त्याच्यावर पाय देऊन उभं राहा, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर! फिजिओकडे कमरेला पॅड लावून करंट देतात ना, त्याचा हा खापरपणजोबा.

पण हे का चालतं याचं धड उत्तर मिळायला १९६५ उजाडलं. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत एक गेट असतं, स्पर्शाचे सिग्नल जोरात आले की दुखण्याचे सिग्नल मागे अडकतात, गुडघा आपटला की आपण चोळतो ते त्यामुळेच. दोनच वर्षांत अमेरिकेत नॉर्मन शीली या सर्जनने एका कॅन्सर पेशंटच्या मणक्यात इलेक्ट्रोड बसवला. करंट कातडीवरून मणक्यात गेला.

मग अजून वर, थेट मेंदूत. १९६९ मध्ये रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूत अगदी आत एका ठिकाणी करंट दिला आणि भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं, उंदीर शांत. हे वाचून सर्जन लोकांना हुरूप येणारच, १९७० च्या दशकात माणसांच्या मेंदूत खोलवर तारा बसायला लागल्या. इथे एक कबूल करायला हवं, काकांची शंका अगदीच वेडगळ नाही, कारण त्याआधी १९५० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट हीथने मानसिक रुग्णांच्याच मेंदूत तारा घातल्या होत्या, दुखणं कमी होतं हे तिथेही दिसलं, पण त्या प्रयोगांबद्दल आजही लोक नाक मुरडतात आणि बरोबरच करतात.

या खोल तारांचं पुढे काय झालं? अमेरिकेत दोन मोठ्या ट्रायल झाल्या, अट साधी, वर्षभरानंतर निम्म्या पेशंटचं दुखणं निम्म्याने तरी कमी हवं. जमलं नाही. २००१ मध्ये निकाल छापून आले, मधेच सोडून गेलेलेही बरेच होते, आणि तारा बनवणाऱ्या कंपनीने मंजुरीचा नादच सोडला. मला विचाराल तर यात वाईट काही नाही, कवटीला भोक पाडायचं तर एवढी परीक्षा हवीच.

खरी गंमत जपानमध्ये झाली. झटक्यानंतरच्या अशाच आगीवर त्सुबोकावा आणि मंडळींनी मेंदूच्या पृष्ठभागावर करंट दिला, तोही संवेदनेच्या पट्ट्यावर नाही तर शेजारच्या हालचालीच्या पट्ट्यावर, १९९१ ची गोष्ट. दुखतं ते हाताला, करंट हात हलवणाऱ्या भागाला, आणि आराम पडला! संवेदनेच्या पट्ट्यावर दिला तर उलट कधी कधी दुखणं वाढायचं. आणि शेफिल्डच्या अँथनी बार्करने १९८५ मध्येच दाखवलं होतं की कवटीच्या बाहेरून मॅग्नेटचा झटका देऊन हाच हालचालीचा पट्टा जागा करता येतो. दोन्ही जोडलं की झालं आरटीएमएस, भोक नाही, तार नाही. २०१४ च्या युरोपियन गाइडलाइनमध्ये नसांच्या दुखण्यासाठी, दुखऱ्या अंगाच्या विरुद्ध बाजूला, याला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

मावशीबरोबर पहिल्या सिटिंगला मी गेलो होतो. ती खुर्चीत टक्क जागी, कानात बोळे, डोक्याच्या उजव्या बाजूला इंग्रजी आठच्या आकाराची कॉईल, आणि गॅसच्या लायटरसारखं टिक टिक. टेक्निशियन जोर थोडा थोडा वाढवत गेला आणि एकदम मावशीचा डावा अंगठा आपोआप उडाला, ती "अगं बाई" म्हणून अंगठ्याकडेच बघत बसली. तो उडतो तिथे खूण करायची, जोर त्याच्या किंचित खाली आणायचा आणि मग वीसेक मिनिटं तेच. पेसमेकर किंवा कवटीच्या आत धातूची क्लिप आहे का, कधी फिट आली होती का, हे आधी दोनदा विचारलं.

दहा सिटिंगनंतर आग गेली नाही, पण चादर अंगावर घेता यायला लागली. असर काही आठवड्यांनी उतरतो म्हणून आता अधूनमधून परत जावं लागतं, आणि काका दर वेळी बाहेरच्या बाकावर बसून राहतात, आत येत नाहीत.