वर चढणारा रोबो: दांड्यापासून साखळीपर्यंत

एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा २००८ साली पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषयच 'गोविंदा' होता. उंचावरच्या हंडीतलं लोणी रोबोने काढायचं होतं. ऑगस्ट २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली. या वेळी पालक रोबो आणि त्याचं मूल अशी जोडी होती. सी-सॉ, झोका आणि खांबांवरची चाल उरकली की बाळरोबोने जंगल जिम, म्हणजे बागेतला चढायचा सांगाडा, चढून माथ्यावर झेंडा उभारायचा, मग 'शाबास', म्हणजे थेट विजय. व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने ती स्पर्धा जिंकली. सगळं जमलं आणि चढणं फसलं, तर 'शाबास' नाही. चढाई अशी खेळाच्या टोकाला ठेवण्याची पद्धत मात्र त्याआधीपासूनची आहे, आणि तिचा सलग माग अमेरिकेतल्या शालेय स्पर्धेत लागतो.

डीन केमन यांनी १९८९ मध्ये फर्स्ट ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली स्पर्धा घेतली. मुंबईतले शालेय संघही आता या स्पर्धेत उतरतात. तिथे खेळ दरवर्षी बदलतो, त्यामुळे जुना रोबो जसाच्या तसा चालत नाही. २००० सालच्या खेळात शेवटी दांड्याला लोंबकळायचं होतं. २००४ मध्ये हा दांडा तब्बल १० फुटांवर गेला. लहान चेंडूला ५ गुण आणि लोंबकळण्याला ५०. हा हिशेब समजल्यावर अनेक संघांनी रोबोची आखणीच दांड्यापासून सुरू केली.

नवख्या मुलांना वाटतं, चढायला दणकट मोटर हवी. आकडेमोड वेगळंच सांगते. बंपर आणि बॅटरी धरून रोबो साधारण ६८ किलोचा. तो ६० सेंटिमीटर उचलायला सुमारे ४०० ज्यूल लागतात. दोन सेकंदांत उचलला तर २०० वॅट. या स्पर्धांत वर्षानुवर्षं वापरली गेलेली सिम मोटर एकटीच ३०० वॅटच्या वर जाते. ताकद पुरेशी आहे. खरी अडचण दोन ठिकाणी येते: पकड कशाची घ्यायची, आणि वीज गेल्यावर टिकायचं कसं.

दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वेळ संपली की सगळ्या रोबोंची नियंत्रणं एकदम बंद होतात, आणि अलीकडच्या काही खेळांत गुण त्यानंतर काही सेकंदांनी मोजले जातात. तेवढ्यात विंचवरची, म्हणजे रोबोला ओढणाऱ्या रहाटावरची, दोरी उलटी सुटली की रोबो खाली आणि गुण शून्य. म्हणून एकाच दिशेने फिरू देणारं रॅचेट आलं, कुणी भाराने उलटा न फिरणारा वर्म गिअर लावला. दांड्याला अडकणारे आकडे (हूक) वर नेण्याचं हलकं काम स्प्रिंगवर सोपवायचं आणि रोबोला ओढून घेण्याचं जड काम विंचवर, ही वाटणीही रुळली. वर जाताना भार फक्त आकड्यांचा असतो, तिथे मोटर खर्च करण्यात अर्थ नाही.

२०१३ मध्ये चढायला दांड्यांचा पिरॅमिड आला: तीन टप्पे, १०, २० आणि ३० गुण. माथ्यापर्यंत जाणारे रोबो थोडेच निघाले. त्या खेळात तबकड्या फेकायच्या होत्या आणि वरच्या जाळीत तबकडी टाकली की ३ गुण मिळत होते, त्यामुळे बऱ्याच संघांनी शेवटच्या क्षणी खालच्या दांड्याला साधा आकडा अडकवून १० गुण घेतले आणि उरलेला वेळ तबकड्यांना दिला. माझ्या मते तो निर्णय शहाणपणाचा होता. चढाईची यंत्रणा किती वजन आणि किती सेकंद खाते, हे कागदावर आधी मांडावंच लागतं.

२०१७ मध्ये दांड्याच्या जागी दोर आला, चढाईला ५० गुण, आणि नियमांत बसणारा दोर संघाने स्वतः आणला तरी चालत होता. दोर फिरत्या ड्रमला वेल्क्रोने चिकटला की पुढे नुसता गुंडाळत राहायचं. चढणं इतकं सोपं पूर्वी कधी नव्हतं. २०१९ मध्ये तर धरायला काहीच नव्हतं, १९ इंच उंच ओटा होता, आणि रोबोंना पाय फुटले.

सगळ्यात सुंदर यंत्रणा मात्र २०२२ ने दिल्या. एकापुढे एक, चढत्या उंचीचे चार दांडे. गुण ४, ६, १० आणि १५. एका दांड्यावरून पुढच्यावर जाताना रोबो लंबकासारखा झुलतो आणि त्या झोक्यात आकडा हुकतो. उपाय जुनाच आहे. गोव्यातला पाडेली माडावर जसा हात सरकवताना पायांची पकड सोडत नाही, तसं लांबणाऱ्या हातांनी वर ओढून घ्यायचं, अंगावरच्या स्थिर आकड्यांत वजन ठेवायचं, मग हात मोकळे करून पुढचा दांडा शोधायचा. बँकॉकच्या २०१६ च्या रोबोकॉनमध्येही हीच कसोटी होती. तिथे पवनचक्कीच्या खांबावर चढून पातं बसवायचं होतं, आणि गुळगुळीत खांबावर तर आकड्याला जागाच नसते.

पुढे धरायची वस्तूच हलू लागली. २०२४ मध्ये साखळी होती, वजन पडलं की झोळणारी. एकीवर दोन रोबो चढले तर पहिल्याची उंची दुसऱ्यामुळे बदलायची. २०२५ मध्ये साखळीला टांगलेला पिंजरा आला. त्यातला खोल पिंजरा जमिनीपासून जेमतेम वर, १२ गुणांचा. त्याला वरून आकडा टाकून भागत नाही. रोबोला आधी तो पिंजरा स्वतःच्या अंगात घ्यावा लागतो, आणि त्यासाठीची मोकळी जागा सांगाड्यात पहिल्या दिवसापासून राखून ठेवावी लागते.