मंगळवेढ्याची ज्वारी आणि बाबाबुदनगिरीची कॉफी

मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आणि बाहेरून आलेल्या ज्वारीची भाकरी यांतला फरक सोलापूरकराला पहिल्याच घासाला कळतो, आणि त्याचे कारण विचारले तर ‘जमीन’ एवढे एकच उत्तर देऊन तो मोकळा होतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शाळू पेरला जातो तो पावसाळा सरताना; वाढतो तो खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर; त्याचा दाणा भरतो तो कोरड्या थंडीत; आणि मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेले ३५-१ हे वाण आजही या भागात पेरले जाते. जमीन, हवा, हंगाम, वाण आणि निवड करणारा माणूस, अशा सगळ्यांनी मिळून ती चव घडवलेली असते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१९ मध्ये तेच मानांकन बाबाबुदनगिरी, चिकमगळूर, कोडगू आणि अराकू खोरे येथील अरेबिका कॉफीला व वायनाडच्या रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीला मिळाले. ज्वारी घेताना गाव विचारणारे आपण कॉफी घेताना मात्र चिकोरी किती टक्के एवढेच विचारतो.

बाबाबुदनगिरी ही चिकमगळूर जिल्ह्यातील डोंगररांग. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी संतांनी हजहून परतताना येमेनमधून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरावर लावल्या, अशी कथा सांगितली जाते. सातचा आकडा खरा मानायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. जागेची निवड मात्र अचूक होती. अरेबिका हे मूळचे इथिओपियाच्या डोंगराळ जंगलातले, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारे झुडूप आहे. साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर १,००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे १,००० ते १,५०० मीटर उंचीवरच्या या मळ्यांत उष्ण कटिबंधातही अरेबिकाला हवा तसा गारवा मिळतो. सुमारे ४५० मीटर उंचीवरच्या आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरात हे झुडूप हौसेने कुंडीत लावता येईल, पण त्याच्याकडून पिकाची अपेक्षा ठेवता येणार नाही.

उंचीचा आणि चवीचा संबंध या गारव्यातूनच येतो. थंड हवेत फळ सावकाश पिकते. अरेबिकाचे फळ फुलापासून तोडणीपर्यंत आठ-नऊ महिने घेते, आणि हा काळ जितका लांबतो तितका बी भरायला अधिक वेळ मिळतो. बी घट्ट होते आणि त्यात साखर अधिक साठते. अरेबिकाच्या कच्च्या बीमध्ये सर्वसाधारणपणे ६ ते ९ टक्के साखर असते, तर सखल भागात वाढणाऱ्या रोबस्टामध्ये ती बरीच कमी असते. कपात ही साखर गोडी म्हणून उतरत नाही, कारण भाजताना ती जवळजवळ सगळी मोडते. पण मोडतानाच ती करपूस-गोड वास, सौम्य आम्ल आणि तपकिरी रंग मागे ठेवते. कडवटपणाकडे झुकणारी क्लोरोजेनिक आम्ले आणि कॅफीन ही दोन्ही मात्र रोबस्टात अधिक असतात. अरेबिकात कॅफीन सव्वा टक्क्याच्या आसपास असते, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. कॅफीन हे झाडाचे किडीपासून बचावाचे शस्त्र आहे, हे लक्षात घेतले तर उष्ण, दमट सखल भागातल्या जातीने ते अधिक बाळगावे यात नवल वाटत नाही.

पावसाच्या प्रमाणापेक्षा त्याच्या वेळेला येथे अधिक महत्त्व आहे. कॉफीच्या कळ्या हिवाळ्यात तयार होतात आणि कोरड्या महिन्यांत निजल्यासारख्या थांबून राहतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर पडली की त्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत सगळा मळा मोगऱ्यासारख्या वासाच्या पांढऱ्या फुलांनी एकदम भरून जातो. मळेवाले या पावसाला ‘ब्लॉसम शॉवर’ म्हणतात. सगळी फुले एकाच वेळी आली की फळेही साधारण एकाच वेळी पिकतात. विषुववृत्ताजवळच्या कोलंबियासारख्या देशात वर्षभर थोडा-थोडा पाऊस असल्याने एकाच झाडावर फूल, हिरवे फळ आणि लाल फळ एकत्र दिसते आणि तोडणी अनेक महिने चालते. कर्नाटकात कोरडा आणि ओला काळ असा स्पष्ट वेगळा असल्यामुळे अरेबिकाचा हंगाम नोव्हेंबर ते जानेवारीत बऱ्यापैकी आटोपतो. आणि तोच काळ कोरड्या उन्हाचा असल्याने बी वाळवण्याची सोयही होते. वळीव चुकला तर मात्र वर्ष चुकते. आपल्याकडे अवकाळी पाऊस डाळिंबाच्या बहराचा घात करतो, तिकडे त्याच ऋतूतला पाऊस न येणे हा घात असतो.

भारतीय कॉफीचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या डोक्यावर असते. ब्राझीलमधील बहुतेक मळे उघड्या उन्हात असतात, तर पश्चिम घाटात कॉफीवर पांगारा, फणस, सिल्व्हर ओक अशा झाडांची सावली धरली जाते आणि त्या झाडांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. सावली पानांचे तापमान उतरवते, म्हणजे उंचीचेच काम थोडे पुढे नेते. मिरीच्या शेजारामुळे कॉफीला मिरीचा वास लागतो असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. मला ते पटत नाही. एका झाडाचा वास शेजारच्या झाडाच्या मुळांतून बीमध्ये शिरावा अशी वाट वनस्पतीत नाही. कपातला मसालेदारपणा बीमधील स्वतःच्या घटकांतून भाजताना तयार होतो, आणि त्यात वाणाचाही हात असतो. या भागात फार लावले जाणारे एस ७९५ हे वाण भारतातच तयार झाले. त्याच्या पूर्वजांत अरेबिकाबरोबर लायबेरिका या वेगळ्या जातीचेही रक्त आहे आणि ते आणले गेले ते चवीसाठी नव्हे, तर तांबेरा रोगाला तोंड देण्यासाठी.

तोडून वाळवलेल्या बीची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण वाळलेले बी ओलावा आणि वास दोन्ही शोषून घेते. याच गुणावर मलबार किनाऱ्याची एक कॉफी उभी आहे, आणि माझ्या मते सगळ्या भारतीय कॉफींत तिची कहाणी सर्वांत विलक्षण आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात भारतातून आफ्रिकेला वळसा घालून युरोपात पोचायला सहा-सहा महिने लागत. तेवढा काळ लाकडी तळघरात दमट हवेत राहून हिरवे बी फुगे, पिवळट पडे आणि त्याची आंबटाई जाई. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली, माल ताजा आणि हिरवा पोचू लागला. तेव्हा गिऱ्हाइकाने तक्रार केली की ही आमची नेहमीची कॉफी नव्हे. वाटेत लागणारा दोष हाच गुण होऊन बसला होता. मग तो प्रवास किनाऱ्यावरच घडवण्याची युक्ती निघाली. जून ते सप्टेंबर या काळात मंगळूरच्या आसपास, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा गोदामांत बी चार ते सहा इंचांच्या थरात पसरतात, दाताळ्याने पुन्हा पुन्हा वर-खाली करतात, नंतर सैल पोत्यांत भरून पोत्यांच्या रांगांमधून वारा जाईल अशी जागा ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी पोती बदलतात. वाळलेल्या बीमध्ये सुरुवातीला १०-११ टक्के ओलावा असतो. तो हळूहळू वाढतो, बी फुगते आणि गवताच्या काडीसारखे फिके सोनेरी होते. घाई केली तर बुरशी धरते आणि वारा पडला तरीही धरते, म्हणून ही प्रक्रिया हवेच्याच गतीने चालवावी लागते. या ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफीलाही भौगोलिक मानांकन आहे, पण बी डोंगरातल्या मळ्यातून येते आणि ‘मलबार’ हे नाव त्याला मिळते ते किनाऱ्यावरच्या गोदामात.

ज्या नैऋत्य वाऱ्याने तिथे बी फुगते, तोच वारा पुढे आपल्याकडे येतो. मंगळूरला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि सोलापूरला साधारण साडेपाचशे. घाट चढताना हवा थंड होते आणि तिच्यातले पाणी तेथेच गळून पडते. घाट उतरताना ती पुन्हा तापते आणि तापलेल्या हवेची पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढत असल्याने ती ढगही सहजी होऊ देत नाही. जुलैतल्या सोलापुरात कॉफीची पोती महिनाभर उघडी ठेवली तरी तसे बी तयार होणार नाही.

इतके सगळे होऊन बी आपल्या शहरात पोचते आणि मग गावाची ओळख पुसायला आपण सुरुवात करतो. सुमारे २०० अंशांच्या आसपास भाजताना कॉफीत शेकडो सुवासिक संयुगे तयार होतात, पण भाजणे फार काळे केले की करपल्याचा एकच वास सगळ्यांवर मात करतो आणि चिकमगळूर काय, कोलंबिया काय, फरक उरत नाही. चिकोरी घट्टपणा आणि रंग देते, पण ती दुसऱ्याच झाडाचे मूळ आहे. दुधातली प्रथिने कडवट घटकांना धरून ठेवतात, म्हणून फिल्टर कॉफी इतकी मवाळ लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त उंचीवरच्या अरेबिकाचे जादा पैसे मोजून तिच्यात निम्मे दूध घालण्यात हिशेब बसत नाही.

ज्याचा विचार कोणी करत नाही ते म्हणजे पाणी. बेसाल्टच्या खडकातून वर येणाऱ्या आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर असतात. भांड्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर हा त्यांचाच. त्यांतली बायकार्बोनेट कॉफीतल्या आम्लांना मारतात, आणि डोंगरातल्या कॉफीची सगळी चमक असते ती त्या आम्लांत. मी बाबाबुदनगिरीची एकच पावडर एकदा बोअरच्या आणि एकदा जारच्या पाण्यात दुधाशिवाय करून पाहिली: जारच्या पाण्यातली मोसंबीच्या सालीची आठवण देणारी, बोअरच्या पाण्यातली खडूसारखी सपाट. मॉन्सून्ड मलबारने मात्र दोन्ही पाण्यांत जवळपास सारखीच चव दिली, कारण तिची आंबटाई आधीच किनाऱ्यावरच्या वाऱ्याने नेलेली असते आणि बोअरच्या पाण्याला मारायला फारसे काही शिल्लकच राहत नाही.