एक स्टार कोणी दिला?

मागच्या पावसाळ्यात भावानं सोयाबीनच्या तीन बॅगा नेल्या, अर्धं बी उगवलंच नाही, दुबार पेरणी करा लागली. रागात त्यानं कृषी केंद्राला ऑनलाइन एक स्टार ठोकला, नाव टाकलं 'शेतकरीपुत्र'. दुसऱ्याच दिवशी दुकानदार म्हणे, "काहून भाऊ, उधारी बी पायजे अन् वरून एक स्टार?" हॅक वगैरे काही नाही बाप्पा, त्या वाणाच्या बॅगा दोघांनीच नेल्या होत्या अन् दुसरा दुकानदाराचाच साळा.

नाव लपवलं की झालं असं नसते. नेटफ्लिक्सनं 2006 मध्ये जवळपास 4 लाख 80 हजार लोकांचे रेटिंग नावं काढून जाहीर केले, तरी नारायणन आणि श्मातिकोव्ह या संशोधकांनी दुसऱ्या साइटवरच्या उघड रेटिंगशी जुळवून काही जण ओळखून दाखवले. अन् सगळंच निनावी केलं तर साळा दहा खाती काढून पाच-पाच स्टार ओतते. म्हणजे गिऱ्हाईक खरा आहे हे कळावं, पण कोणता ते नाही.

याची किल्ली डेव्हिड चॉम या संकेतलिपीच्या संशोधकानं 1982 मध्ये डिजिटल पैशासाठी मांडली, 'आंधळी सही'. बंद पाकिटात कोरं कूपन अन् कार्बन पेपर, दुकानदार पाकिटावर सही करते, ती आत उमटते, कूपन त्याला दिसतच नाही. खरेदीमागे असं एक कूपन, तेच रिव्ह्यूला जोडायचं.

आता गणित, मला तं हेच लय आवडते. दुकानाचे उघड आकडे 3 आणि 33, गुपित आकडा 7. माझा फोन मनानं कूपन नंबर घेते 5, अन् लपवायला 2. दोनचा घन 8, पाच आठे 40, त्यातून 33 गेले, उरले 7 (गुपित आकडाही 7, हा निव्वळ योगायोग). हा 7 दुकानात द्यायचा. दुकान 7 चा सातवा घात काढते, 33 नं भागते, बाकी 28. घरी येऊन 28 ला 2 नं भागा, 14. हीच 5 वरची सही! तपासा, 14 चा घन 2744, 33 नं भागून बाकी 5. दुकानानं पाहिले फक्त 7 अन् 28, रिव्ह्यूसोबत जातात 5 अन् 14. तेच 5 पुन्हा आलं की दुसरा रिव्ह्यू बाद. खऱ्या वापरात आकडे सहाशेवर अंकी असतात.

ब्लॉकचेन (सगळ्यांकडं प्रत असलेली, सहज खोडता न येणारी डिजिटल वही) लावली की सगळं सुटते म्हणणारे मले अंगारा देणाऱ्या बाबासारखेच वाटतात. कारण गिऱ्हाईकच दोन असले तं चॉमची सही बी काय करीन, वीस-पंचवीस कूपनं जमेपर्यंत रिव्ह्यू रोखून धरा लागतील, तेही वाणाचं नाव न टाकता. अन् भावानं तं लिहिलं होतं, "बी नोहे, भुसा हाय", जे तो दुकानात उभा राहून आधीच बोलला होता.