दाबांग

दाबांग : कोरियातील, विशेषतः सोल शहरातील, चहा-कॉफीची जुन्या वळणाची बैठकीची दुकाने. नाव चहाचे असले, तरी विसाव्या शतकात येथील मुख्य पेय कॉफीच होते. एका पेल्याच्या मोलात तासन्‌तास बसण्याची मुभा, संगीत आणि गिऱ्हाइकांची नावानिशी विचारपूस करणारी ‘मादाम’ ही दाबांगची सर्वसाधारण लक्षणे होत. मद्य व नृत्य यांसाठी असलेले त्या काळचे ‘काफे’ आणि दाबांग यांत समकालीन लोक स्पष्ट फरक करीत. नंतरच्या लेखनात मात्र दोहोंची पुष्कळदा गल्लत झालेली दिसते.

गोर्यो राजवटीत (९१८–१३९२) दाबांग याच नावाचे एक दरबारी खाते होते. राजसमारंभांत चहा, फळे इ. सिद्ध करणे हे त्याचे काम. त्यानंतरच्या चोसन राजवटीतही ते काही काळ टिकले. आधुनिक दाबांगची परंपरा काही लेखक तेथवर नेतात. परंतु नावापलीकडचा दुवा दाखविणे अवघड आहे.

कोरियात कॉफी केव्हा आली, याविषयी एकमत नाही. प्रचलित समजुतीनुसार राजा गोजोंग (१८५२–१९१९) हा कॉफी पिणारा पहिला कोरियन. ऑक्टोबर १८९५ मध्ये राणीची हत्या झाल्यावर ११ फेब्रुवारी १८९६ रोजी त्याने सोलमधील रशियन वकिलातीत आश्रय घेतला. तेथील सुमारे वर्षभराच्या मुक्कामात आंत्वानेत सोन्ताग या बाईने त्याला कॉफीची गोडी लावली, असे सांगतात. सोन्ताग ही रशियन राजदूत कार्ल वेबर याची मेहुणी म्हणून ओळखली जाते. नाते प्रत्यक्षात अधिक दूरचे असावे, असेही एक मत आहे.

ही कथा सुटसुटीत असली, तरी आधीचे उल्लेख तिच्या आड येतात. पुढे मंगळावरील तथाकथित कालव्यांमुळे गाजलेला अमेरिकन खगोलज्ञ पर्सिव्हल लोवेल (१८५५–१९१६) हा १८८३-८४ च्या हिवाळ्यात कोरियन सरकारचा पाहुणा होता. हान नदीकाठच्या एका वास्तूत जेवणानंतर कॉफी घेतल्याचे त्याने लिहून ठेवले असून तिला त्याने कोरियातील ‘नवी टूम’ म्हटले आहे. हा प्रसंग जानेवारी १८८४ मधील मानला जातो. त्याच वर्षी आलेला अमेरिकन वैद्य होरेस ॲलन यानेही दरबारात मिळालेल्या कॉफीचा निर्देश केला आहे. म्हणजे कॉफी उच्चपदस्थांच्या घरी व राजवाड्यात १८९६ पूर्वी किमान एक तप पोहोचली होती. वेबर व सोन्ताग सोलला आले तेही १८८५ मध्ये. तेव्हा गोजोंगने पहिला घोट वकिलातीत जाईपर्यंत घेतला नसेल, असे मानण्यास सबळ कारण नाही. १८९६ हे वर्ष फार तर सवय जडल्याचे वर्ष म्हणता येईल. ती जडली होती हे १८९८ च्या विषप्रयोगावरून उघड होते : मर्जीतून उतरलेला दुभाषी किम होंग-न्युक याने राजाच्या कॉफीत अफू मिसळविल्याचा आरोप सिद्ध झाला. गोजोंगने वास ओळखून घोट थुंकला, असे सांगितले जाते. युवराजाने मात्र तो घेतला आणि त्याची प्रकृती बिघडली.

तॉक्सुगुंग राजवाड्याच्या आवारातील जॉंग्वानहॉन ही १९०० च्या सुमाराची पाश्चात्त्य-कोरियन मिश्र शैलीतील वास्तू ‘गोजोंगचे कॉफीगृह’ म्हणून पर्यटकांना दाखवतात. तिच्या रचनेचे श्रेय रशियन वास्तुकार सेरेदिन-साबातिन याला देतात. तथापि राजांची चित्रे ठेवण्यासाठी या वास्तूचा वापर झाल्याचे उल्लेख आहेत. पूर्वजांच्या चित्रांसमोर नित्य कॉफीपान चालत असेल, हे तत्कालीन शिष्टाचार पाहता पटण्याजोगे नाही.

पहिल्या दाबांगचा प्रश्न याहून निराळा असूनही तो वरील वादात मिसळला गेला आहे. त्याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. कॉफी विकणारी जागा एवढाच निकष लावला, तर इंचॉन बंदरातील देबुल हॉटेलच्या (तीनमजली इमारत १८८८) बाजूने दावा केला जातो. सोलपुरते पाहता जॉंगदोंग भागातील सोन्ताग हॉटेल (१९०२) पुढे येते; त्याच्या तळमजल्यावर खानपानाची सोय होती. परंतु तेथे वावर होता तो परदेशी मुत्सद्दी, पाहुणे व दरबारी मंडळींचा. सोन्ताग १९०९ मध्ये कोरिया सोडून गेली. पुढे ही मिळकत इव्हा या मुलींच्या शाळेकडे गेली आणि १९२२ मध्ये इमारत पाडण्यात आली. कोणीही पैसे देऊन बसावे अशी जागा हा निकष अधिक सयुक्तिक मानल्यास १९०९ मध्ये नामदेमुन रेल्वे स्थानकात निघालेले जपानी धर्तीचे चहागृह आधीचे ठरते. स्वतंत्र, शहरी दाबांगचा आरंभ मात्र बहुतेक अभ्यासक १९२३ च्या सुमारास आजच्या छुंगमुरो भागात जपानी मालकीच्या ‘फुतामी’पासून धरतात.

कोरियन मालकीचे पहिले दाबांग ‘काकादू’ होय. चित्रपट-दिग्दर्शक यी ग्यॉंग-सोन याने ते ग्वानहुनदोंगमध्ये, इन्सादोंगच्या तोंडाशी काढले. वर्ष बहुधा १९२७. काही ठिकाणी १९२८ दिले जाते. ते फार काळ चालले नाही आणि मालक शांघायला निघून गेला. १९२९ मध्ये अभिनेता किम इन-ग्यू याने जोंगनो रस्त्यावर ‘मेक्सिको’ काढले. टोकिओत कलाशिक्षण घेतलेल्या यी सुन-सॉक याचे ‘नाकरांग पार्लर’ सोगोंगदोंगमध्ये १९३० नंतर लवकरच सुरू झाले. तेथे चित्रकार-लेखकांची ऊठबस असे आणि प्रदर्शनेही भरत. या पिढीतील दाबांगचे मालक जवळजवळ सगळे कलावंत होते. हिशेबाच्या वह्यांकडे त्यांचे लक्ष कमीच.

याचे ठळक उदाहरण म्हणजे कवी यी सांग (१९१०–३७). शिक्षणाने वास्तुविद असलेल्या यी सांगने क्षयामुळे सरकारी नोकरी सोडली आणि १९३३ मध्ये जोंगनो भागात ‘जेबी’ (पाकोळी) हे दाबांग काढले. तापोदकांच्या गावी भेटलेली गुमहोंग ही तेथील मादाम. कादंबरीकार पाक थे-वॉन व इतर आधुनिकतावादी मित्र तेथे जमत. मित्रांकडून उत्पन्न होण्याची शक्यता नव्हतीच. १९३५ मध्ये ते बंद पडले. त्यानंतर ‘त्सुरू’, ‘६९’ व ‘मुगी’ ही आणखी तीन दुकाने काढण्याचे त्याचे प्रयत्नही फसले. दिवसभर भिंतीला टेकून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘भित्तिचित्र’ आणि नुसत्या पाण्यावर वेळ काढणाऱ्याला ‘सोनमासा’ म्हणत, यावरून धंद्याची कल्पना यावी.

जपानी अंमलात (१९१०–४५) नृत्यगृहांना परवानगी नव्हती. जानेवारी १९३७ मध्ये सामछॉल्ली या मासिकात पोलीस खात्याच्या प्रमुखाला उद्देशून ‘सोलमध्ये नृत्यगृहांना परवानगी द्या’ असे खुले पत्र प्रसिद्ध झाले. सह्या करणाऱ्यांत ‘व्हीनस’ची मादाम व चित्रपट-अभिनेत्री पोक हे-सुक, गिसेंग (व्यावसायिक गायिका-नर्तिका) व काफेतील सेविका होत्या. मागणी फेटाळली गेली. पण मुख्यतः करमणुकीच्या व्यवसायातील स्त्रियांच्या सह्यांचा दस्तऐवज म्हणून त्याचे मोल आहे. पॅसिफिक युद्धात आयात थांबल्यावर भाजलेल्या सोयाबीनसारखे पर्याय वापरात आले आणि अनेक दाबांग बंद पडले.

१९४५ मध्ये अमेरिकन लष्करी प्रशासनाने सोलमध्ये रात्रीची संचारबंदी लागू केली. काही काळाने तिची वेळ मध्यरात्र ते पहाटे चार अशी स्थिरावली आणि ५ जानेवारी १९८२ पर्यंत, म्हणजे छत्तीसहून अधिक वर्षे, ती बहुतेक अखंड टिकली. शहराचे सायंजीवन या वेळेभोवती बेतलेले होते : संध्याकाळी दाबांग, मग मद्याचे गुत्ते आणि बाराच्या आत घर गाठण्याची धावपळ. कोरियन युद्धात (१९५०–५३) लेखक-कलावंत बुसानला गेले आणि तेथील ग्वांगबोकदोंगच्या दाबांगांतून बसू लागले. युद्धानंतर तेच वर्तुळ सोलच्या म्यॉंगदोंगमध्ये परतले. घरोघरी दूरध्वनी नसल्याच्या त्या काळात दाबांग हे निरोप ठेवण्याचे, लग्न जुळवण्याचे आणि कार्यालय नसलेल्या व्यापाऱ्यांचे पत्ता म्हणून देण्याचे ठिकाण होते. १९६१ च्या लष्करी उठावानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी दाबांगमधील कॉफीविक्रीवर बंदी आली. ती दीर्घकाळ टिकली नाही.

पेयांत साखर व दुधाची भुकटी घातलेली कॉफी, अंड्याचा बलक घातलेली ‘मॉर्निंग कॉफी’, वनौषधींचा सांगह्वा चहा आणि चहात व्हिस्की टाकून केलेली ‘विटी’ प्रसिद्ध होती. १९७६ मध्ये कॉफीचा रंग व कडवटपणा वाढविण्यासाठी काही दुकाने तंबाखू मिसळत असल्याचे उघडकीस येऊन खळबळ माजली.

संगीताचा भाग स्वतंत्र नोंदीचा विषय आहे. काचेच्या खोलीत बसणाऱ्या डीजेकडे गाण्याची चिठ्ठी पाठविण्याची पद्धत साठ-सत्तरच्या दशकांत रूढ झाली. अभिजात पाश्चात्त्य संगीतासाठीचे ‘रेनेसाँ’ हे श्रवणगृह युद्धकाळात देगू येथे निघाले, १९५९ मध्ये सोलच्या जोंगनोत आले आणि १९८७ पर्यंत चालले. देहांगनोतील ‘हाकरिम दाबांग’ (१९५६) सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या तत्कालीन आवारासमोर असल्याने विद्यार्थ्यांचा अड्डा बनले. १९८१ मध्ये लोकशाहीवादी विद्यार्थ्यांवर भरलेला खटला या दाबांगच्या नावानेच ओळखला जातो. फेरसुनावणीनंतर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची निर्दोषता कायम केली. हाकरिम अद्याप चालू आहे.

ऱ्हासाची कारणे मुख्यतः झटपट कॉफीत शोधली जातात. दोंगसॉ फूड्सने १९७६ मध्ये कॉफी, साखर व दुधाची भुकटी एका पुडीत आणली. पाठोपाठ नाणे टाकून पेय देणारी यंत्रे आली आणि कार्यालयातील माणसाला खाली उतरण्याचे कारण उरले नाही. संचारबंदी उठल्यावर, १९८२ नंतर, काही दुकाने रात्रभर उघडी राहू लागली. लहान गावांत ‘तिकीट दाबांग’ या नावाखाली कॉफी पोहोचविण्याच्या आडून देहविक्रय चाले. त्यामुळे दाबांग हे नावच बदनाम झाले. १९७९ मध्ये देहांगनोत ‘नांदारांग’ ही साखळी दुकाने सुरू झाली, तर १९९९ मध्ये इव्हा महिला विद्यापीठासमोर स्टारबक्सची पहिली कोरियन शाखा निघाली.

इन्सादोंगमधील ‘पारंपरिक चहागृहे’ ही दाबांगची वंशज नव्हेत. ती प्रामुख्याने १९८० नंतरची आहेत. कवी छॉन सांग-ब्यॉंग याच्या पत्नीने १९८५ मध्ये काढलेले ‘ग्विछॉन’ हे त्यांतील परिचित नाव. युजा (लिंबूवर्गीय फळ), मोग्वा (क्विन्ससारखे फळ) व खजूरसदृश बोरे यांची पेये तेथे मिळतात. उल्जिरोच्या छापखान्यांच्या वस्तीतील ‘उल्जी दाबांग’ (१९८५) मात्र जुन्या वळणाचे असून, बीटीएस या गायकवृंदाने तेथे छायाचित्रे काढल्यावर तरुणांची रीघ लागली. पुनर्विकासामुळे २०२२ मध्ये त्याला जागा बदलावी लागली.