टॅडपोलची कवटी आणि पाण्याचे तापमान : पार्श्वभूमी

टॅडपोलची, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाची, कवटी बराच काळ जवळजवळ पूर्ण कूर्चेचीच असते. खालच्या जबड्यातली मेकेल कूर्चा आखूड असते आणि जबड्याचा सांधा डोळ्याच्याही पुढे असतो. रूपांतरणात, म्हणजे टॅडपोलचा बेडूक होताना, मेकेल कूर्चा लांबते, सांधा मागे सरकत कवटीच्या मागच्या टोकाशी जातो आणि तोंड रुंदावते. बेडकाच्या कवटीची ही घडण विल्यम किचन पार्कर यांनी 1871 मध्ये तपशीलवार मांडली.

तापमानाचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेने आला. ओस्कार हेर्टविग यांनी 1898 मध्ये बेडकाची अंडी वेगवेगळ्या तापमानांना वाढवून विकासाचा वेग तपासला. एका मर्यादेपर्यंत पाणी जितके गरम, तितका वेग जास्त. हिशेब दिवसांचा होता, आणि पुढची कित्येक वर्षे तो तसाच राहिला.

तापमान आणि हाड यांच्यामधला दुवा थायरॉइडचा. 1912 मध्ये गुडरनाच यांनी थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून टॅडपोलचे रूपांतरण वेळेआधी घडवून आणले. नंतर असे दिसले की साधारण 5 अंश सेल्सिअसला ठेवलेल्या बुलफ्रॉगच्या टॅडपोलना हार्मोन टोचले तरी रूपांतरण पुढे सरकत नाही. पाणी उबदार केले की आधी दिलेल्या त्याच हार्मोनचा परिणाम दिसू लागतो. म्हणजे थंडीने ग्रंथी मंदावते एवढ्यावर भागत नाही, ऊतींचा प्रतिसादच अडतो. जेम्स हँकेन आणि ब्रायन हॉल यांनी 1980च्या दशकात बोंबिना ओरिएंटॅलिस या भेकावर काम करून कवटीत सर्वांत आधी बनणारी तीन हाडे नेमकी दाखवली : पॅरास्फेनॉइड (कवटीच्या तळाचे), फ्रंटोपॅरायटल (छताचे) आणि एक्सऑक्सिपिटल (मागच्या बाजूचे). त्यांची घडणही थायरॉइड हार्मोनला प्रतिसाद देते.

मग खरा प्रश्न उरतो तो असा : उष्णतेने कवटी फक्त लवकर बनते, की वेगळी बनते? याचे उत्तर कोणत्या घड्याळाने मोजता यावर ठरते. निव्वळ दिवसांवरून केलेली तुलना इथे जवळपास निरुपयोगी आहे. न्यूकूप आणि फाबर यांनी 1956 मध्ये झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या विकासाचे 66 टप्पे ठरवले. गॉसनर यांची 1960 ची सारणी 46 टप्प्यांची. पण गॉसनरचे मधले टप्पे मागच्या पायावरून आणि त्याच्या बोटांवरून ओळखतात. पाय आणि कवटी तापमानाला सारख्याच प्रमाणात दाद देतीलच असे नाही. शिवाय 1979 मध्ये स्मिथ-गिल आणि बर्वेन यांनी दाखवले की वाढीपेक्षा विभेदन (ऊती आणि अवयव वेगवेगळे घडणे) तापमानाला जास्त संवेदनशील असते. त्यामुळे एकाच टप्प्यावरचा गरम पाण्यातला टॅडपोल सहसा आकाराने लहान असतो, आणि कवटी लहान का, हे आधी वेगळे काढावे लागते.

दुसरा घोटाळा होतो तो हाड आणि कूर्चा वेगळी दिसावी म्हणून नमुना रंगवण्यात. डिंगरकस आणि ऊलर यांच्या 1977 च्या पद्धतीत आधी अल्शियन ब्लूने कूर्चा निळी करतात. त्याचे द्रावण 95 टक्के अल्कोहोल 80 मिली, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड 20 मिली आणि रंग 10 मिग्रॅ असे. मग ट्रिप्सिन या प्रथिने पचवणाऱ्या विकराने स्नायू पारदर्शक करून ॲलिझरीन या रंगाने हाड लाल करतात. ॲलिझरीन धरते ते कॅल्शियमला, आणि हाडातले कॅल्शियम ॲसिडमध्ये विरघळते. फ्रंटोपॅरायटल सुरुवातीला डोळ्यालगतची केसाएवढी पट्टी असते. नमुना निळ्या द्रावणात जास्त राहिला की ती पट्टी लाल होतच नाही, आणि नोंद ‘हाड नाही’ अशी होते. लहान नमुन्यात ॲसिड लवकर मुरते, आणि गरम पाण्यातले नमुने लहान असतात, म्हणजे चूकही तापमानाच्याच बाजूला कलते. नमुने टिकवायच्या फॉर्मॅलिनची आम्लता बफरने आवरली नाही आणि ते जुने झाले, तरी हेच होते. 2007 मध्ये झीब्राफिश या माशाच्या डिंभांसाठी (पिल्लांसाठी) मॅग्नेशियम क्लोराइड वापरणारी ॲसिडविरहित पद्धत आली ती याच कारणाने. कोवळ्या कवटीसाठी तीच बरी.

प्राणवायूकडेही लक्ष हवे. 15 अंशांना संपृक्त पाण्यात लिटरला सुमारे 10.1 मिग्रॅ प्राणवायू असतो, 25 अंशांना 8.3. हवा सोडली नाही, गर्दी सारखी ठेवली नाही, तर दोन टाक्यांमधला फरक तापमानाचा की गुदमरण्याचा, हे कवटीवरून कळत नाही.