वन-ट्वेन्टी रोल : कागदावर तगलेला फॉरमॅट

कोडॅकने १९०१ साली 'ब्राउनी नं. २' या पेटीवजा कॅमेऱ्यासाठी काढलेला १२० क्रमांकाचा फिल्म-रोल अजूनही तयार होतो, याचे त्याच्या भावंडांची गत पाहता नवल वाटते. फिल्म तीच, पण रीळ बारीक असलेला ६२० रोल १९९५ मध्ये बंद झाला. १९९६ मध्ये गाजावाजा करून आणलेली एपीएस ही नवी फिल्म-पद्धत जेमतेम पंधरा वर्षे टिकली.

१२० तगला तो मुख्यतः कोणा एका कॅमेऱ्याशी बांधला न गेल्यामुळे. त्याच रोलवर कॅमेऱ्याप्रमाणे आठ, बारा किंवा सोळा फोटो निघतात. बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात बारा चौकोनी फोटो येत आणि सहा सेंटिमीटरची ती निगेटिव्ह एन्लार्जरशिवाय, म्हणजे फोटो मोठा करणाऱ्या यंत्राशिवाय, थेट कागदावर छापली तरी घरच्या अल्बमला पुरत असे. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' छाप रोलही त्याच काळातला.

नागपुरात रोल धुणे हे मात्र ऋतूवर अवलंबून असलेले काम. फिल्मवरचे चित्र उमटवणारे रसायन म्हणजे डेव्हलपर; त्याला साधारण २० अंश तापमान मानवते. मे महिन्यात सीताबर्डी काय नि इतवारी काय, नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम येते. अशा वेळी डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे लागते, नाहीतर निगेटिव्ह प्रमाणाबाहेर काळी होते आणि मऊ पडलेल्या इमल्शनवर (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरावर) बोटाचा ओरखडाही कायमचा राहतो. पुढे छत्तीस फोटोंचा ३५ मिमी रोल आणि रोल धुऊन छापून देणारी रंगीत मिनीलॅब यंत्रे आल्यावर ही उस्तवार करण्याचे कारण उरले नाही. डिजिटलने उरलेसुरले गिऱ्हाईक नेले.

भवितव्याचा प्रश्न विचारताना सगळे फिल्मबद्दल बोलतात. माझ्या मते खरी अडचण फिल्मच्या पाठीला असलेल्या कागदाची आहे. हा कागद प्रकाश अडवतो आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला छापलेले आकडे कॅमेऱ्याच्या लाल खिडकीतून पाहून रोल पुढे सरकवायचा असतो. छपाईची शाई फिल्मशी वर्षानुवर्षे चिकटून राहूनही तिच्यावर उमटू नये, ही अट दिसते तितकी सोपी नाही : २०१६ च्या सुमारास कोडॅकच्या काही रोलांमध्ये हेच आकडे थेट फोटोतल्या आभाळात उमटले होते. ३५ मिमीला या कागदाची गरजच नाही, शिवाय सिनेमाच्या फिल्मची मागणी त्या मापाला आधार देते. १२० ला असा थोरला भाऊ नाही.

कॅमेऱ्यांचेही तेच. लग्नसमारंभात एकेकाळी मानाने मिरवणाऱ्या याशिका मॅट १२४-जी या १२० रोलच्या कॅमेऱ्याचे उत्पादन १९८६ च्या सुमारास थांबले. नवा रोल मागवता येतो, पण अडकलेले शटर खोलून साफ करणारा कारागीर सहज सापडत नाही आणि सुटा भाग हवा असेल तर दुसरा बंद पडलेला कॅमेराच शोधावा लागतो.