सरकारी मसुद्यावर हरकत पाठवताय? आधी तो कागद कुठला आहे ते बघा

हरकती-सूचना मागवल्यात असा मेसेज फिरायला लागला की लोक एकच पीडीएफ मुख्यमंत्री, कलेक्टर, आमदार, तहसीलदार सगळ्यांना पाठवून मोकळे होतात, आणि ज्या एका अधिकाऱ्याकडे ती जायला हवी तिथे ती पोचतच नाही. दरवेळी हेच होतं. म्हणून आधी हे बघा की कायदा आत्ता कोणाच्या हातात आहे, विधिमंडळाच्या की मंत्रालयातल्या खात्याच्या.

मूळ कायदा, म्हणजे अधिनियम, विधानसभा आणि विधानपरिषद करतात. त्यात बहुतेक वेळा शेवटी-शेवटी एक कलम असतं की पुढचे नियम राज्य शासन करेल. मग फॉर्म कुठला, पुरावा कुठला, मुदत किती, फी किती हे सगळं खातं लिहितं, आणि आपल्याला रोज अडवतं ते हेच. अधिवेशन चालू नसताना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने राज्यपाल अध्यादेश काढू शकतात, पण पुढचं अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा करून घेतला नाही तर तो गळतो. आणि जीआर, म्हणजे शासन निर्णय, हा खात्याचा प्रशासकीय आदेश.

मराठा आरक्षणाच्या एकाच विषयात यातले तीन कागद निघाले. २६ जानेवारी २०२४ चा सगेसोयऱ्यांचा (कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातेवाइकांनाही दाखला देण्याचा) कागद हा जातप्रमाणपत्राच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती करायचा मसुदा होता, नुसता मसुदा, पण दुसऱ्या दिवशी वाशीत मराठा आंदोलकांचा जल्लोष झाला आणि कितीतरी लोकांनी कायदा झाला असंच धरलं. त्यावरच्या हरकतींसाठी १६ फेब्रुवारी ही तारीख होती. २० फेब्रुवारीला विशेष अधिवेशनात १० टक्के आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं आणि त्याचा कायदा झाला, तो विधिमंडळाचा, पूर्ण वेगळा. आणि २ सप्टेंबर २०२५ चा हैदराबाद गॅझेटचा (निजामकाळातल्या नोंदींवरून कुणबी दाखले देण्याचा) कागद हा जीआर. यात हरकत मागवली होती फक्त पहिल्यावर. बाकी दोन्हींना ज्यांचा विरोध होता त्यांना कोर्टात जावं लागलं.

आता कागद ओळखायचा कसा, तर राजपत्राच्या, म्हणजे सरकारी गॅझेटच्या, पहिल्या पानावर भाग लिहिलेला असतो तो वाचा. भाग पाच म्हणजे विधेयक, भाग आठ म्हणजे झालेला कायदा किंवा अध्यादेश, राज्याच्या कायद्याखालचे नियम बहुतेक भाग चार-ब मधे येतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या कात्रणावर हे काहीच नसतं, म्हणून ई-गॅझेटच्या साइटवरून मूळ प्रत उतरवा. खरं सांगायचं तर ही प्रतच बहुतेकांकडे नसते. शोधायला त्रास होतो, कबूल, स्कॅन केलेली पानं आणि सर्चला काही सापडत नाही, आणि लोकांचं मत हवंय म्हणणाऱ्या सरकारने हे इतकं अवघड ठेवावं याचा राग येतो. तरी त्याशिवाय पुढे जाऊ नका.

विधेयक असेल तर खात्याला लिहून फारसा उपयोग नाही. ते दोन्ही सभागृहांच्या आमदारांच्या संयुक्त समितीकडे गेलं आणि समितीने जाहीर आवाहन केलं तरच सूचना द्यायला दार उघडतं, आणि पत्ता असतो विधानमंडळ सचिवालयाचा. कडव्या डाव्या संघटनांना आळा घालायच्या जनसुरक्षा विधेयकात असंच झालं, १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या, १२ हजारांवर आल्या, समितीने मसुद्यात काही बदल केले आणि जुलैमधे दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. हेच विधेयक २०२४ च्या जुलैमधे एकदा मांडलेलं होतं, पण विधानसभेची मुदत संपली आणि डिसेंबरमधे नागपूरला परत मांडावं लागलं. त्यामुळे विधेयक क्रमांक आणि वर्ष तपासूनच लिहा.

नियमांच्या मसुद्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती तारखेत. नोटीशीत वाक्य साधारण असं असतं की हा मसुदा अमुक तारखेला किंवा त्यानंतर विचारात घेतला जाईल आणि त्या तारखेपूर्वी मिळालेल्या हरकतींचा विचार होईल. दोन शब्द नीट बघा: 'पूर्वी' आणि 'मिळालेल्या'. म्हणजे त्या तारखेला पोस्टात टाकलेलं पत्र उशिराचंच. केंद्राच्या मसुद्यांत बऱ्याचदा ३० किंवा ६० दिवस दिलेले असतात आणि ते राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून मोजतात, तुमच्या पेपरात बातमी आली त्या दिवसापासून नाही.

पात्रता काय, तर साधारणपणे कोणीही. वकील लागत नाही, नोटरी लागत नाही. नाव, पत्ता, सही, अधिसूचनेचा (म्हणजे राजपत्रातल्या त्या नोटीशीचा) क्रमांक आणि दिनांक, बस. नोटीशीत मागितलं नसेल तर आधारची झेरॉक्स कृपा करून जोडू नका, ती कुठल्या फायलीत पडून राहील सांगता येत नाही.

मजकुरात मात्र वेळ घालवा. 'हा अन्याय आहे, कायदा रद्द करा' असं नियमांच्या मसुद्यावर लिहिलं तर खातं काही करू शकत नाही, कारण मूळ कायदा रद्द करणं त्यांच्या हातातच नाही. त्याऐवजी असं लिहा: नियम ५ च्या पोटनियम (२) मधे १९६७ पूर्वीचा पुरावा मागितलाय, आमच्या भागात ती दप्तरं जळालीत, म्हणून गृहचौकशीचा (घरी येऊन केलेल्या चौकशीचा) अहवाल चालेल अशी दुरुस्ती करा. नियम मूळ कायद्याच्या बाहेर जातोय असं वाटलं तर कायद्याचं कलम आणि मसुद्यातला नियम शेजारी-शेजारी लिहून दाखवा, हा मुद्दा सगळ्यात वजनदार. हजार जणांनी एकच छापील मजकूर पाठवला तरी मुद्दा एकच राहतो, त्यापेक्षा दहा जणांनी आपापली अडचण लिहिलेली बरी.

पोच घ्या, आवक क्रमांक लिहून घ्या. ईमेल केला असेल तर पाठवल्याची वेळ दिसेल असा प्रिंट काढा. खात्याने हरकतीचा विचार करायलाच हवा, पण प्रत्येकाला उत्तर द्यायचं बंधन नाही, म्हणून नंतर माहिती अधिकारात आपल्या हरकतीवर काय टिपणी झाली ते विचारता येतं.

आणि नियम अंतिम झाले तरी विधिमंडळाचा हात सुटत नाही. बहुतेक कायद्यांत ते नियम दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात आणि दोन्ही सभागृहं सहमत झाली तर बदलता किंवा रद्दही करता येतात. या काळात आमदाराला भेटायला जाल तेव्हा अंतिम राजपत्राची प्रत न्या, मसुद्याची नको, कारण मधे नियमांचे क्रमांक बदललेले असू शकतात.